निकालपत्रकात नसलेला रकाना

सायकल शर्यत हा सांघिक खेळ आहे, असं घरी फोनवर सांगितलं की पलीकडे क्षणभर शांतता पसरते. मग प्रश्न येतो, "पण सायकल तर तू एकटीच चालवतेस ना?" प्रश्न रास्त आहे. गंमत अशी की अमेरिकेत शर्यती भरवणारी, त्यांचं समालोचन करणारी आणि निकाल लावणारी मंडळीसुद्धा बहुतेक वेळा याच प्रश्नाच्या बाजूने असतात. माझी तक्रार त्यांच्याबद्दल आहे, आणि त्यातही बायकांच्या क्रायटेरियमबद्दल, कारण तिथे या चुकीच्या हिशोबाचं नुकसान जास्त होतं.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्रायटेरियम, बोलण्यात नुसतं क्रिट, म्हणजे गावातले चार रस्ते बंद करून आखलेला साधारण दीड किलोमीटरचा फेरा. तासभर किंवा थोडा कमी वेळ त्याच फेऱ्यावर गोल गोल फिरायचं, शेवटच्या फेरीला घंटा वाजते, आणि जी पहिली रेषा ओलांडेल ती जिंकली. एका फेरीत चार वळणं आणि एकूण तीस फेऱ्या धरल्या तर १२० वळणं झाली. पुढच्या पाच-सहा जणी ती जवळजवळ ब्रेक न लावता घेतात. मागच्यांना मात्र गर्दीमुळे वेग कमी करावा लागतो आणि वळण संपलं की पुन्हा जीव खाऊन तो गाठावा लागतो. म्हणजे तिसाव्या क्रमांकावर बसलेली मुलगी तासाभरात १२० छोट्या स्प्रिंट मारते. त्यात वाऱ्याचा हिशोब मिळवा. दुसरीच्या मागे, तिच्या आडोशाला राहिलं तर पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. सगळं राजकारण इथून सुरू होतं, कारण आडोसा कुणाला तरी द्यावा लागतो.

समजा एका संघाच्या चौघी आहेत. पहिली अचानक वेग वाढवून पळते. तिला सोडलं तर ती जिंकेल, म्हणून इतर संघांना तिचा पाठलाग करावा लागतो. तेवढा वेळ तिच्या तिघी मैत्रिणी पाठलाग करणाऱ्यांच्या मागे आरामात बसतात. ती पकडली जाते त्याच क्षणी दुसरी निघते. आता पाठलाग करणाऱ्यांचे पाय जड झालेले असतात. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत उरलेल्या जणी एका रांगेत समोर येतात. याला लीडआउट म्हणतात. पहिली पूर्ण ताकदीने ओढते, संपली की बाजूला होते, मग दुसरी. जी जिंकणार आहे तिच्या चेहऱ्यावर वारा लागतो तो शेवटचे दीड-दोनशे मीटर. निकाल लागतो: पहिली, चौदावी, एकोणिसावी, सत्ताविसावी.

आता हे निकालपत्रक शर्यत न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्या. त्याला एक चांगली आणि तीन सुमार खेळाडू दिसतील. क्रिकेटच्या धावफलकावर झेल घेणाऱ्याचं नाव येतं. फुटबॉलमध्ये गोलसाठी पास देणाऱ्याची नोंद होते. इथे तसा रकानाच नाही. बक्षिसाचे पैसेही क्रमांकावर मिळतात. संघात ते वाटून घ्यायचा रिवाज आहे, पण तो झाला घरातला समजूतदारपणा.

पीएचडीच्या काळात मी दोन सीझन युनिव्हर्सिटीच्या क्लबकडून शर्यतींत उतरले. तिथे वैयक्तिक गुण विद्यापीठाच्या एकूण गुणांत जमा होतात, त्यामुळे संघ निदान कागदावर तरी दिसतो. माझ्या सगळ्यात चांगल्या शर्यतीत माझा नंबर एकविसावा आहे. त्या दिवशी आमची मुलगी जिंकली आणि शेवटून दुसऱ्या फेरीला सगळ्यांच्या पुढे मी होते. सीव्हीत हे कसं लिहायचं हे अजून कळलेलं नाही. (लेखकांच्या यादीत मधोमध नाव असलेल्या सगळ्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल.)

बायकांच्या क्रिटमध्ये हे जास्त का लागतं? कारण मुळात मैदान लहान असतं. वीस-पंचवीस जणी जमल्या तर वेगवेगळ्या श्रेणी एकत्र सोडतात. त्यात एखादाच संघ पाच-सहा जणींचा, बाकीच्या एकेकट्या. मग शर्यतीचं स्वरूप तो एक संघ ठरवतो आणि एकटीने कुणाच्या रांगेला चिकटायचं एवढंच ठरवायचं असतं. हेही कौशल्यच आहे, कमी लेखायचं कारण नाही. पण समालोचक फक्त "काय जबरदस्त स्प्रिंट!" म्हणतो तेव्हा पाच जणींचं काम आणि त्या एकटीची चलाखी दोन्ही गायब होतात. प्रेक्षकाला वाटतं तासभर काही झालंच नाही, आणि मग बायकांची शर्यत कंटाळवाणी असते हा जुना शेरा पुन्हा ऐकू येतो.

अशा वेळी कुणीतरी हमखास आना कीझेनहोफरचं उदाहरण देतं. आपल्यासारख्यांना तर ती फारच प्रिय, कारण ती तेव्हा गणितातली पोस्टडॉक होती. टोकियो ऑलिंपिकच्या रोड रेसमध्ये, २५ जुलै २०२१ला, ऑस्ट्रियाची ही एकटी खेळाडू १३७ किलोमीटरची शर्यत जिंकली. मला ती बातमी किमान सहा जणांनी पाठवली होती, "बघ, एकटीने होतं!" पण त्या दिवशी नेदरलँड्सच्या चौघी, जगातल्या सर्वोत्तम, एकत्र काम करण्यात कमी पडल्या. पुढे अजून कुणी आहे याचा हिशोबही सुटला होता. कानात रेडिओ नव्हते. आनेमीक फान फ्लॉइटेनने दुसऱ्या क्रमांकावर रेषा ओलांडताना आपण जिंकलो असं समजून हात उंचावले. एकटीचा विजय खराच आहे, पण तो समजून घ्यायलाही मागचे संघ बघावे लागतात.

अमेरिकेत हा हिशोब बदलायचा एक मोठा प्रयत्न झाला, २०२३ची नॅशनल सायकलिंग लीग. मायामी बीच, अटलांटा आणि डेन्व्हर इथे शर्यती झाल्या, एकूण बक्षीस दहा लाख डॉलर. कल्पना दोन होत्या. एक, संघात पुरुष आणि बायका दोन्ही, आणि दोघांच्या शर्यतींचे गुण एकत्र. दोन, गुण फक्त शेवटी देण्याऐवजी फेरीगणिक द्यायचे. पहिली कल्पना मला आजही उत्तम वाटते. तिच्यामुळे बायकांची शर्यत ही मुख्य कार्यक्रमाआधीची भरती उरली नाही. तिथे मागे पडलेला संघ पुरुषांच्या शर्यतीत भरपाई शोधत होता.

दुसरी कल्पना मात्र फसवी होती. फेरीगणिक गुण म्हणजे फेरीगणिक स्प्रिंट, आणि गुण पुन्हा रेषा आधी ओलांडणाऱ्यांनाच. जिने वारा झेलला ती पुन्हा शून्यावर. एकदाच अदृश्य होणारी मुलगी आता प्रत्येक फेरीत अदृश्य व्हायला लागली. त्यात लांबवर पळून जाणं, पाठलाग लादणं, थकवणं, ही क्रिटमधली संथ बुद्धिबळाची बाजू आकसली. प्रेक्षकाला दर दोन मिनिटांनी काहीतरी मिळालं पाहिजे, असा तो हिशोब होता. २०२४चा सीझन झालाच नाही, आणि लीगचे स्वतःचे दोन संघ, मायामी नाइट्स आणि डेन्व्हर डिसरप्टर्स, बंद पडले. पैशांचं गणित का बिघडलं हा वेगळा विषय, पण फॉरमॅटची चर्चा त्याबरोबर संपली याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे याचं उत्तर फार पूर्वीपासून आहे. दहीहंडी बघा. हंडी फोडणारं पोर सगळ्यांना दिसतं, फोटोही त्याचाच येतो. पण दुसऱ्या दिवशीची बातमी असते की जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले. नाव पथकाचं, माप थरांचं, बक्षीस पथकाला. खालच्या थरात खांदे देणाऱ्याला आपण हरलो असं वाटायचं कारणच नसतं. क्रिटमध्ये असं माप काढणं अवघड नाही. मोठ्या शर्यतींत सायकलला चिप असते, प्रत्येक फेरीचा क्रम नोंदला जातो. शेवटच्या पाच फेऱ्यांत रेषेवरून जाताना सर्वांत पुढे कोण होती एवढा एक रकाना निकालात छापला, आणि त्यावर गुण ठेवायचा मोह टाळला, तरी बरंच दिसेल. आणि पहिलं बक्षीस संघाच्या नावाने द्यावं. २०२६च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली, पाच दिवसांची, पुरुषांची. बायकांची होईल तेव्हा मराठी बातम्यांत फक्त विजेतीचा फोटो येऊ नये, ही आत्ताच करून ठेवलेली विनंती.

न्यू जर्सीत असाल तर हे स्वतः तपासता येईल. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात तुम्ही गेलाच असाल. त्याच्या शेजारचं गाव सॉमरव्हिल. तिथे मेमोरियल डेला टूर ऑफ सॉमरव्हिल होते. सायकलचं दुकान चालवणाऱ्या फ्रेड कुगलरने ती १९४०मध्ये सुरू केली. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावायला कायद्याची अडचण होती म्हणून नाव 'टूर' ठेवलं. पहिली दोन वर्षं त्याचा मुलगा फर्मन जिंकला, तिसऱ्या वर्षी कार्ल अँडरसन. दोघेही महायुद्धात मारले गेले आणि शर्यतीला त्यांची नावं दिली गेली. फर्मनची बहीण मिल्ड्रेड १९४०ची राष्ट्रीय विजेती होती, बायकांच्या शर्यतीला तिचं नाव आहे.

जाल तेव्हा शेवटच्या रेषेपाशी गर्दी असते, तिथे उभं राहू नका. शेवटच्या वळणाच्या थोडं आधी थांबा. घंटा वाजल्यावर रांग येईल, आणि तुमच्यासमोरच पहिली मुलगी मान खाली घालून एका बाजूला होईल. तिच्या पाठीवरचा नंबर लिहून घ्या आणि संध्याकाळी निकालात शोधा.