वीर अमेरिकेचा, कुंचला जपानचा

इ. स. १९४२ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत सुपरमॅनचा एक छोटा रंगीत व्यंगपट निघाला. युद्धाचे दिवस होते. क्लार्क केंट आणि लोइस लेन हे दोन वार्ताहर योकोहामा शहरीं कैदेंत पडले आहेत. रोज रात्रीं अकराचा सुमार झाला कीं सुपरमॅन खिडकीचे गज दूर सारून बाहेर पडतो, बंदरांतील जपानी जहाजांचा नाश करतो आणि पुन्हां मुकाट्यानें कोठडींत येऊन बसतो. थोड्या मिनिटांच्या त्या चित्रांत ठोकळेबाज शत्रूखेरीज दुसरा जपानी मनुष्य दिसत नाहीं. पुढें ७६ वर्षांनीं, २०१८ सालीं, त्याच प्रकाशनसंस्थेचा दुसरा वीर बॅटमॅन जपानांत उतरला तो सेंगोकु नांवाच्या जुन्या लढायांच्या धुमाळींत. आणि या खेपेस त्याला तेथें नेऊन सोडणारे दिग्दर्शक, लेखक व चित्रकार जपानी होते. शत्रूच्या मुलखांत धाडलेल्या वीराच्या वंशजाला त्या मुलखानेंच दत्तक घ्यावें, ही घटना वाङ्मयाच्या अभ्यासकानें लक्ष घालावें इतक्या महत्त्वाची आहे असें आम्हांस वाटतें.

आमच्या एका सहकाऱ्यांस हा विषय सांगतांच त्यांनीं "पोरखेळ!" म्हणून हात झटकला. पोरखेळ खराच, परंतु तो आमच्या वाचकांच्या घरोघरीं रोज संध्याकाळीं चालतो, आणि वडील मंडळी शेजारच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत बसतात. एके काळीं कादंबरीसही हेंच विशेषण लावीत असत, हें निदान आम्हां मास्तरांनीं तरी विसरूं नये.

मराठी वाचकास रूपांतर ही वस्तु नवी नाहीं. आगरकरांनीं १८८३ सालीं 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' केलें, देवलांनीं 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, आणि नांवें, वेष, देवधर्म कोठवर बदलावे याविषयीं आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली. पण त्या वादांत एक गोष्ट सर्वांनींच गृहीत धरली होती. मूळ कृति पूर्ण झालेली आहे, तिचा कर्ता केव्हांच गत झाला आहे, आणि देवलांच्या दाराशीं शेक्सपियरच्या वारसांचा कोणी मुखत्यार येऊन बसलेला नाहीं. अमेरिकन सुपरहिरोची गोष्ट निराळी. सीगल व शूस्टर या दोन तरुणांनीं १९३८ सालीं सुपरमॅनचे सारे हक्क १३० डॉलरांना विकले, तेव्हांपासून तो वीर कोणा कवीचा राहिला नाहीं, पेढीचा झाला. पेढीचा माल म्हटला म्हणजे तो संपतां कामा नये. बॅटमॅन १९३९ पासून गुन्हेगारांमागें धांवतो आहे. सुपरमॅन १९९२ सालीं एकदां मेला, तो पुढच्याच वर्षीं परत आला. असा वीर परदेशी कलावंताकडे जातो तो शेजारच्या घरून उसन्या आणलेल्या पातेल्यासारखा. स्वयंपाक वाटेल तो करा, पण पोचा न पाडतां, घांसून पुसून परत द्या! याच्या उलट जपानी चित्रकथा बहुधा एका कर्त्याच्या नांवानें जन्मते आणि त्याच्याच हातून शेवटास जाते. तींतला नायक वाढतो, थकतो आणि वेळ आली म्हणजे मरतो. या दोन पद्धतींची गांठ पडली म्हणजे काय होतें, हाच आमच्या मतें या रूपांतरांतील खरा प्रश्न आहे. टोपी कोणती आणि तलवार कोणती हा नव्हे.

आरंभींची हकीकत थोडक्यांत सांगतों. १९६६-६७ सालीं कुवाता जिरो या चित्रकारानें जपानी मुलांच्या साप्ताहिकासाठीं बॅटमॅनच्या कथा स्वतःच्या हातानें नव्यानें रचिल्या. त्या पुढें विस्मृतींत गेल्या आणि २००८ सालीं एका अमेरिकन ग्रंथानें त्यांचा उद्धार केला. १९७८ सालीं तोएइ कंपनीनें स्पायडरमॅनची नटांनीं केलेली मालिका काढली. तींत नायक जपानी, त्याचें नांव निराळें, आणि त्याच्या दिमतीस लिओपार्डन नांवाचा अवाढव्य यंत्रमानव! न्यूयॉर्कच्या त्या पोरक्या, कर्जबाजारी मुलाचें यांत कांहीं उरलें नाहीं, हें खरें. पण जपानी मुलांस तो आपला वाटला, हेंही तितकेंच खरें.

सचेतन चित्रांचा मोठा प्रयोग झाला तो २०१०-११ सालीं. मार्व्हल कंपनीचे चार वीर मॅडहाउस या चित्रशाळेकडे सोंपविण्यांत आले: आयर्न मॅन, वुल्व्हरिन, एक्स-मेन व ब्लेड. प्रत्येकाचे बारा भाग. कथेचा आराखडा वॉरन एलिस या इंग्रज लेखकाचा. चारही मालिकांत वीरास जपानांत किंवा त्याच्या आसपास आणलें आहे, आणि आणल्यावर करावयाचें काय हें कोणासच नीट सुचलेलें दिसत नाहीं. टोनी स्टार्क आपलें चिलखत दुसऱ्यांच्या हवालीं करून निवृत्त होऊं पाहतो व जपानांत नव्या तऱ्हेचें वीजघर उभारतो, ही कल्पना खरोखर चांगली आहे. निवृत्त होऊं पाहणारा वीर! परंतु पातेलें परत द्यावयाचें असल्यामुळें निवृत्ति घडणार नाहीं हें आपणांस पहिल्या भागापासून ठाऊक असतें. एक्स-मेन मालिकेचा आरंभ जीन ग्रेच्या मृत्यूनें होतो, आणि पत्नीसारख्या प्रिय व्यक्तीच्या शोकांत बुडालेला सायक्लॉप्स ज्या संयमानें रंगविला आहे त्या संयमाची सर मूळ कॉमिकांत क्वचितच आढळेल. हीच मालिका तोहोकु प्रांतांत हरवलेल्या एका मुलीच्या शोधार्थ जाते. ती जपानांत सुरू झाली २०११ च्या एप्रिलांत, म्हणजे त्याच तोहोकु प्रांतावर भूकंप व समुद्र चालून आल्यानंतर तीन आठवड्यांनीं. निर्मात्यांस याची कल्पना असणें शक्य नव्हतें. तथापि हें ठाऊक असलेल्या प्रेक्षकास तेथील ओसाड रस्ते निराळे दिसतात.

वुल्व्हरिनविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे. कॉमिकांतील हा गृहस्थ पांच फूट तीन इंच उंचीचा, केसाळ, आडव्या बांध्याचा. एखाद्या कोंडलेल्या रानजनावरासारखा. जपानी मालिकेंत तो उंच, सडपातळ आणि रेखीव हनुवटीचा तरुण झाला आहे. हें केवळ सौंदर्याभिरुचीचें अंतर म्हणून सोडून देतां येत नाहीं. कुरूप मनुष्यानें मारिको या कुलीन जपानी मुलीवर प्रेम करावें आणि तिच्या बापानें त्यास तुच्छ लेखावें, यांत जी वेदना होती ती देखण्या तरुणाच्या ठायीं उरत नाहीं. याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. ही मारिकोची कथा मूळची जपानी नव्हेच. क्लेअरमाँट व मिलर या दोघां अमेरिकनांच्या १९८२ च्या चार अंकी कथेनें तिला आकार दिला. आणि मिलरच्या कुंचल्यावर ठसा होता तो कोइके व कोजिमा यांच्या १९७० सालीं सुरू झालेल्या एका सामुराई चित्रकथेचा. म्हणजे जपानी माल अमेरिकेंत गेला, तेथें त्याचें अमेरिकन स्वप्न झालें, आणि तें स्वप्न जपाननें पुन्हां आपल्या घरीं आणून रंगविलें. आपणांस हें नवल वाटूं नये. शाकुंतलाचें इंग्रजी भाषांतर झालें, त्यावरून जर्मन झालें, गटेनें त्याची स्तुति केली (आपल्याकडे ती स्तुति वाढत वाढत "गटे नाचला" इथवर पोंचली) आणि मग आम्हां इंग्रजी शिकलेल्यांस कालिदासाची थोरवी नव्यानें कळली! फरक इतकाच कीं, आमच्या मंडळींनीं निदान मूळ संस्कृत पोथी पुन्हां उघडून पाहिली. मॅडहाउसच्या मंडळींनीं परदेशी डोळ्यांना दिसलेला जपान तसाच ठेवला: तोच गुंडांचा सरदार बाप, तेंच सक्तीचें लग्न. आपल्या देशाविषयींच्या दुसऱ्याच्या कल्पनेस इतक्या मुकाट्यानें मान डोलवावी, हें त्यांच्यासारख्या कसबी चित्रकारांस शोभलें नाहीं.

यापूर्वीच, २००८ सालीं, 'बॅटमॅन : गॉथम नाइट' या नांवानें सहा लघुचित्रांचा एक संग्रह निघाला होता. लेखक अमेरिकन, चित्रशाळा जपानी. पहिल्या चित्रांत रस्त्यावर खेळणारीं मुलें एकमेकांस बॅटमॅन पाहिल्याची हकीकत सांगतात. एकीच्या तोंडीं तो सांवलीसारखा विरघळणारा पिशाच आहे, दुसऱ्याच्या तोंडीं पंखांचा पशु, तिसऱ्याच्या तोंडीं यंत्र. अखेरीस तो प्रत्यक्ष समोर येतो तेव्हां दिसतो एक दमलेला, जखमी माणूस. दहा-बारा मिनिटांत सुपरहिरो म्हणजे काय याची इतकी चांगली मीमांसा आम्हीं मोठमोठ्या प्रबंधांतही वाचलेली नाहीं. पिशाच, पशु आणि यंत्र हीं तीन रूपें जपानी कल्पनेच्या किती ओळखीचीं आहेत हें पाहिलें म्हणजे त्या मुलांच्या आडून चित्रकारच बोलत आहे असा भास होतो. याच संग्रहांत एक चित्र हिंदुस्थानांतलें आहे. तरुण ब्रूस वेन वेदना सोसण्याची विद्या शिकण्यास इकडे येतो, फकीर त्यास परत पाठवितात, आणि कॅसँड्रा नांवाची एक बहिष्कृत स्त्री त्यास शिकविते. अमेरिकन लेखणी आणि जपानी कुंचला यांनीं मिळून उभा केलेला हा देश आम्हीं पुष्कळ शोधला, पण नकाशावर सांपडला नाहीं. चित्र मात्र वाईट नाहीं. घाणींत पडलेलीं पिस्तुलें उचलून छातीशीं धरलेल्या ब्रूसची शेवटची आकृति आमच्या मनांतून जात नाहीं.

आतां २०१८ च्या त्या 'बॅटमॅन निंजा'कडे वळूं. जुन्पेइ मिझुसाकी यांचें दिग्दर्शन, काझुकी नाकाशिमा यांची पटकथा. गॉथमचे सारे खलपुरुष कालयंत्राच्या अपघातानें जुन्या जपानांत पडून सरदार बनले आहेत. किल्ल्यांस हातपाय फुटतात आणि ते एकमेकांशीं झुंजतात. शेवटीं माकडें व वटवाघळें यांच्या थव्यांतून एक प्रचंड बॅटमॅन उभा राहतो. हा आचरटपणा आहे, पण तो जाणूनबुजून केलेला आणि मनापासून केलेला आहे. मॅडहाउसच्या गंभीर कंटाळ्यापेक्षां आम्हांस तो शतपट बरा वाटला. या गदारोळांत मध्येंच चित्रशैली पार बदलते. रेषा मऊ होतात, रंग हातानें दिल्यासारखे पसरतात, आणि जोकर व हार्ली क्विन हीं दोघें स्मृति गमावून शेती करून राहिलेलीं दिसतात. त्यांच्यामागें सूड घेण्यास आलेला तरुण त्यांस ओळखतो. तीं मात्र त्यास ओळखीत नाहींत. अपराधी स्वतःस विसरला तर शिक्षा कोणास द्यावयाची? प्रश्न मोठा आहे. पुढें ती विस्मृतिही जोकरचाच कट होता असें निघतें आणि पातेलें घांसून परत मिळतें. मालकाचा जोकर मालकास पोंचला. आम्हीं मात्र तो शेतकरी गमावला.

नांवें बदलण्याचा प्रयोग आपल्याकडेही झाला आहे. २००४ सालीं निघालेल्या भारतीय स्पायडरमॅनच्या कॉमिकांत पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, बेनकाकांचे भीमकाका झाले, आणि मुंबईच्या इमारतींवरून धोतर नेसलेला कोळी झुलूं लागला. तथापि काका मरावयाचे ते मेलेच, आणि उपदेश करावयाचा तो झालाच. धोतराखालीं पाय जुनेच होते.

या सर्वांत आम्हांस ज्या एका कृतीनें खरोखर हलविलें ती फारशी नांवाजलेली नाहीं. 'विचब्लेड' हें १९९५ सालचें अमेरिकन कॉमिक. त्यांत न्यूयॉर्कमधील एका पोलीस स्त्रीच्या मनगटावर एक प्राचीन, जिवंत शस्त्र येऊन बसतें. गोंझो या चित्रशाळेनें २००६ सालीं त्यावर २४ भागांची मालिका केली, तेव्हां शस्त्र तेवढें घेतलें आणि बाकी सारें टाकून दिलें. तोक्योच्या महाभूकंपानंतर भग्न शहरांत एक स्त्री सांपडते. तिला पूर्वस्मृति नाहीं. हातांत तान्हें मूल आहे. सहा वर्षांनीं हीच मासाने आपल्या रिहोकोला घेऊन तोक्योस परत येते; सरकारी खातें मुलीस तिच्यापासून तोडूं पाहतें, आणि त्या धडपडींत तें कंकण तिच्या हातीं येतें. आई धांदरट, खादाड. स्वयंपाकपाणी पाहते ती सहा वर्षांची मुलगी. येथें वीरांगनेस जग वांचवावयाचें नाहीं, तिला आपली पोर जवळ ठेवावयाची आहे. शस्त्र वापरावें तों तों तें देहास खाऊन टाकतें, आणि शस्त्र सोडावें तर मूल जातें. मग उघडकीस येतें कीं, रिहोको तिच्या पोटची नव्हेच. देवकी आणि यशोदा यांच्या वादांत वाढलेल्या मराठी वाचकास हें कोणी समजावून सांगावयास नको.

या मालिकेंतील स्त्रीदेहाचीं चित्रें उघडीनागडीं व हलक्या अभिरुचीचीं आहेत, हें आम्ही लपवीत नाहीं. घरांतील सर्वांनीं एकत्र बसून पाहण्याजोगी ती नव्हे, आणि मूळ कॉमिकाचा हाच एक दोष जपान्यांनीं इमानानें सांभाळला याचें वाईट वाटतें. परंतु शेवट पाहा. मासाने ही अमेरिकन पेढीची वस्तु नव्हती. ती गोंझोनें निर्माण केलेली होती, म्हणून तिला मरण्याची मोकळीक होती. शेवटच्या भागांत ती मुलीचा निरोप घेते, सारीं संकटें आपल्यामागें ओढीत तोक्यो टॉवरवर जाते आणि तेथें चूर्ण होऊन वाऱ्यावर जाते. त्यानंतर कोणताही अंक तिला परत आणीत नाहीं. रिहोको मागें राहते.