स्मृती आणि पूर्वज्ञान : एका प्रयोगाची चिकित्सा

वयाबरोबर स्मरणशक्ती वाढते, या समजुतीस मिशेलिन ची यांच्या १९७८ च्या प्रयोगाने जबर धक्का दिला. पटावरील मोहऱ्यांची मांडणी आठवून पुन्हा रचण्यात बुद्धिबळ जाणणारी, सरासरी दहा वर्षांची मुले नवशिक्या प्रौढांहून सरस ठरली. अंकमालिका स्मरण्यात मात्र प्रौढच पुढे राहिले. अंकांची ही कसोटी ज्ञाननिरपेक्ष मानणे आम्हांस मान्य नाही. अंकनामे हाही भाषेचाच भाग. प्रौढांच्या जिभेवर ती अधिक वर्षे घोळलेली असतात. तेव्हा प्रौढांचे हे यश वयाचे की परिचयाचे, हे अनिर्णीतच राहते. शिवाय मुले अवघी सहा व प्रौढही सहाच! मोहऱ्या यदृच्छेने मांडल्या असता जाणकारांची सरशी पुष्कळ घटते, हे श्नायडर प्रभृतींनी १९९३ मध्ये दाखविले. ती पडताळणी मूळ प्रयोगातच हवी होती.