गच्चीवरचे तेजोमेघ

हौशी खगोलछायाचित्रणाची तांत्रिक पातळी आजच्याइतकी उंच कधीच नव्हती. आणि त्यातली छायाचित्रं आजच्याइतकी एकसारखीही कधी दिसत नव्हती. मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, घोड्याच्या डोक्याचा तो काळा ढग, गरुड तेजोमेघातले खांब. कोणत्याही हौशी मंडळाच्या प्रदर्शनात भिंती याच मोजक्या विषयांनी भरलेल्या असतात. खालचं नाव झाकलं, तर पुण्याच्या माणसाचं चित्र कोणतं आणि टेक्ससच्या माणसाचं कोणतं, हे सांगता येणार नाही.

या कलेचा पाया मात्र हौशांनीच घातला. मृगातल्या तेजोमेघाचं पहिलं छायाचित्र ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपरने घेतलं. तो शिक्षणाने डॉक्टर. न्यूयॉर्कजवळ हेस्टिंग्जला त्याची स्वतःची वेधशाळा होती आणि एक्स्पोजर होतं ५१ मिनिटांचं. तीन वर्षांनी लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्र्यू कॉमन नावाच्या अभियंत्याने, घराच्या आवारातल्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने त्याच तेजोमेघाचं चित्र घेतलं, तर दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे काचेवर उमटले. १८८८मध्ये आयझॅक रॉबर्ट्स या बांधकाम व्यावसायिकाच्या छायाचित्रात देवयानीची सर्पिल रचना दिसली. तेव्हा तिला दीर्घिका म्हणायची पद्धतही नव्हती.

पुढची जवळजवळ शंभर वर्षं आधी काचेची, मग फिल्मची. लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म हळूहळू आंधळी होत जाते, म्हणून कोडॅकची टेक्निकल पॅन फिल्म हायड्रोजन-नायट्रोजनच्या मिश्रणात मुरवून घ्यायची. मग तासभर नेत्रिकेला डोळा लावून, तारा तारांच्या फुलीवरून सरकू न देता हाताने दुर्बीण सावरत बसायचं. चूक झाली की नाही, हे फिल्म धुतल्यावर कळायचं. त्या काळातल्या चित्रांत खरखर दिसते आणि तारेही थोडे लांबट असतात, पण प्रत्येक चित्रामागे माणसाने केलेली निवड होती, कारण रात्रीत जेमतेम दोन-तीन चित्रं हाती लागत.

आता एकच लांब एक्स्पोजर कोणी घेत नाही. थंड केलेल्या सेन्सरवर काही मिनिटांची शेकडो चित्रं घेऊन ती एकावर एक रचतात, त्याला सगळे स्टॅकिंगच म्हणतात. यातला हिशेब कठोर आहे: चौपट वेळ दिला की चित्र दुप्पट स्वच्छ होतं. म्हणजे चार तासांच्या चित्राहून दुप्पट चांगलं हवं, तर सोळा तास. मधून गेलेला उपग्रहाचा रेघोटा गणितानेच बाजूला पडतो. सेन्सरवरच्या धुळीचे डाग आणि कडांचा अंधार काढायला ‘फ्लॅट्स’, म्हणजे एकसारख्या उजेडाची कोरी चित्रं लागतात, आणि लाखाची दुर्बीण असलेला माणूसही त्यासाठी पहाटे तिच्या तोंडावर पांढरा सुती टी-शर्ट ताणून बांधतो.

शहरातून चित्रण शक्य केलं ते फिल्टरांनी. तेजोमेघातला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरला आणि ऑक्सिजन ५०१च्या आसपास चमकतो. तेवढ्याच अरुंद पट्ट्या आत घेणारा फिल्टर लावला की ठाण्याच्या गच्चीवरूनही हंस नक्षत्रातले तेजोमेघ उतरतात. (गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडून मिळवणं, हा या छंदातला सर्वांत अवघड टप्पा अजून कोणत्याही सॉफ्टवेअरने सोडवलेला नाही.) पण दीर्घिकांचा आणि कृत्तिकेभोवतीच्या निळ्या धुक्याचा प्रकाश सगळ्या वर्णपटात पसरलेला असतो, तिथे हा उपाय चालत नाही. जुन्या सोडियमच्या दिव्यांचा पिवळा उजेड मोजक्या पट्ट्यांत असे, तो बराचसा गाळता येई. रस्त्यावर आलेल्या पांढऱ्या एलईडीने तीही सोय काढून घेतली.

२०२३मध्ये सीस्टार एस-५० ही स्वयंचलित दुर्बीण आली. ५० मिलिमीटरचं भिंग, अडीच किलो वजन, किंमत सुमारे ५०० डॉलर. मोबाइलवर नाव निवडायचं. यंत्र आपण कुठे आहोत ते ओळखतं, दहा-दहा सेकंदांची चित्रं घेतं आणि रचतही जातं. जुने लोक नाकं मुरडतात. मला त्यात तक्रारीचं कारण दिसत नाही. दुर्बिणीचं माउंट ध्रुवताऱ्याशी जुळवण्याच्या कटकटीत, तोही आपल्याकडे क्षितिजापासून १८-१९ अंशांवर, कितीतरी जणांचा उत्साह संपत असे. यंत्राने कष्ट घेतले ते बरंच झालं. प्रश्न वाचलेल्या वेळाचं आपण काय केलं, हा आहे.

त्याचं उत्तर बहुतेकांनी रंगरंगोटीत दिलं आहे. गरुड तेजोमेघाच्या खांबांचं हबलने घेतलेलं १९९५चं चित्र आठवा. हायड्रोजन आणि सल्फर दोघेही डोळ्याला लालच दिसतात; ते वेगळे कळावेत म्हणून शास्त्रज्ञांनी सल्फरला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला. त्या रंगांना काम होतं. आजचा हौशी छायाचित्रकार तीच पद्धत उचलतो आणि मग ‘बरा दिसत नाही’ म्हणून हिरवा पुसून टाकतो. उरतो सोनेरी आणि निळा. कोणता वायू कुठे आहे ते सांगणारी खूणच गेली, राहिलं ते दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. त्यात २०२२पासून न्यूरल नेटवर्कवर चालणारी ब्लरएक्सटर्मिनेटरसारखी साधनं आली. ताऱ्यांची धूसरता ती खरोखरच छान आवरतात, पण हात सैल सुटला की ढगांत अशा शिरा उमटतात ज्यांची खात्री खुद्द छायाचित्रकारालाही देता येत नाही. चिलीतल्या भाड्याच्या दुर्बिणीवरून आलेला डेटा घरी बसून रंगवणाऱ्यांबद्दल एवढंच म्हणेन की ते उत्तम संपादक असतील. तसं चित्राखाली लिहावं.

मग नवं काही उरलंच नाही का? अर्जेंटिनातल्या रोसारिओमध्ये व्हिक्टर बूसो हा कुलपं दुरुस्त करणारा माणूस २० सप्टेंबर २०१६ रोजी घरावरच्या वेधशाळेत नवा कॅमेरा तपासत होता. शहराच्या उजेडामुळे २०-२० सेकंदांचीच चित्रं घेत होता. एनजीसी ६१३ या दीर्घिकेत त्याच्या डोळ्यांदेखत एक ठिपका उजळत गेला. सुपरनोव्हाचा स्फोट पृष्ठभाग फोडून बाहेर येतानाचा पहिला प्रकाश त्याच्या हाती लागला होता, आणि २०१८मध्ये ते काम ‘नेचर’मध्ये छापून आलं.

त्याहून बोलकं उदाहरण देवयानीचं. सगळ्यात जास्त छायाचित्रं निघालेली ही दीर्घिका. २०२२मध्ये यान साँती, मार्सेल ड्रेक्सलर आणि झाविए स्ट्रोट्नर या हौशी मंडळींनी १०६ मिलिमीटरच्या दुर्बिणीला ऑक्सिजनचा फिल्टर लावून तिच्याकडे चिकाटीने पाहिलं. सगळे मिळून शंभरहून अधिक तास. तिच्या शेजारी चंद्राच्या तिप्पट लांबीचा निळसर कंस निघाला. मोठमोठ्या सर्वेक्षणांना तो दिसला नव्हता. तो देवयानीजवळचा की आपल्याच आकाशगंगेतला, यावर तज्ज्ञांचा वाद झाला. ऑक्सिजनच्या फिल्टरातून देवयानीकडे इतका वेळ पाहायचं कोणाला सुचलंच नव्हतं, कारण त्या फिल्टरात दीर्घिका चांगली ‘येत’ नाही.

आपल्याकडची उणीव नेमकी ही आहे. वांगणीला खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाने पिढ्या घडवल्या, पुण्यात १९४४पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. अंधार आहे, माणसं आहेत, यंत्रंही आली. विषयांची यादी मात्र युरोप-अमेरिकेची. धनूकडचा आकाशगंगेचा गाभा रात्रीच्या सोयीच्या वेळी वर येतो तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो, ही खंत सगळे करतात. दक्षिणेचं जे आकाश कोरड्या दिवसांत मिळतं त्याकडे पाठ असते. नरतुरंगातली एनजीसी ५१२८ ही धुळीचा पट्टा असलेली दीर्घिका लंडनहून कधीच उगवत नाही. पुण्याहून ती २८ अंशांवर येते, आणि एप्रिलच्या मध्याला मध्यरात्री ऐन दक्षिणेला असते. तिच्याभोवती फिकट कवचं आहेत, ती उमटायला अनेक रात्री द्याव्या लागतील. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ तिच्यापासून पाचेक अंशांवरच आहे.

येत्या एप्रिलच्या अमावस्येला देवयानी-मृगाचं जुनं काम मिटवा, दक्षिण क्षितिज मोकळं असलेली जागा शोधा आणि एकाच लक्ष्यावर महिनाभर टिका. चित्राखाली तास, ठिकाण, फिल्टर आणि वापरलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर लिहा.