शस्त्रक्रियेनंतरची विचारपूस

शस्त्रक्रियेच्याच दिवशी घरी सोडलेल्या रुग्णांची स्मार्टफोनवरील अ‍ॅपद्वारे विचारपूस करण्याचा स्वीडनमधील प्रयोग (२०१५-१६) काटेकोर आहे, हे मान्य केले पाहिजे. सुमारे १,००० रुग्ण, १४ दिवस, रोज २४ प्रश्न. अ‍ॅप वापरणारे सरस ठरले. पण कशाहून? अ‍ॅपविना चालणाऱ्या नेहमीच्या व्यवस्थेहून. आणि निवडही स्मार्टफोन बाळगणाऱ्या, स्वीडिश जाणणाऱ्यांचीच. कसारा मार्गावरील उंबरमाळीत तुलना निराळी होईल. तेथील स्त्री कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून परतली, की ४८ तासांत आरोग्यसेविकेने वा आशाताईने तिच्या घरी जावे, असा शासनाचा दंडक आहे. (फोन बहुधा यजमानांच्या खिशात!) जखम डोळ्यांनी पाहणाऱ्या या भेटीशी ज्या चाचणीत तुलनाच झाली नाही, तिच्या आधारे भेट अनावश्यक ठरविणे शास्त्रीय नव्हे. भेट चुकली, तर ते कळविण्यास अ‍ॅप उपयोगी पडते काय, हे मात्र अवश्य तपासावे.