चोप उंचावल्यावरही वाजणारा टाळ

कीर्तनात गुर्वाज्ञेचा विषय निघाला की आम्ही कीर्तनकार दोन दृष्टांत हमखास लावतो. शेताच्या बांधातून पाणी अडेना म्हणून स्वतःच आडवा झालेला आरुणी, आणि अंगठा कापून देणारा एकलव्य. श्रोत्यांचे डोळे भरतात, मृदंगावर थाप पडते आणि ‘आज्ञा झाली की विचार करू नये’ हा सिद्धांत गळी उतरतो. चाळीस वर्षे मीही हेच सांगितले. आता नारदांच्या गादीवरून उतरलो आहे. त्या निरूपणातला दोष बोलून दाखवणे माझे काम आहे.

दोष असा, की आम्ही आज्ञा पाळणाऱ्याची निष्ठा गातो; पण आज्ञा देणारा कसा होता, प्रसंग कोणता होता, याकडे पाहत नाही. आरुणी घरी परतला नाही तेव्हा धौम्यऋषी स्वतः शेतावर गेले, त्याला हाका मारल्या, आशीर्वाद दिला. द्रोणाचार्यांनी एकलव्याला शिष्य म्हणून जवळही केले नव्हते. अर्जुनाच्या वरचढ कोणी राहू नये म्हणून अंगठा मागितला. एक आज्ञा शिष्याचा शोध घेत गेली, दुसरीने त्याचा हात निकामी केला. दोन्ही एकाच तराजूत घालणे हे निरूपण नव्हे.

हे मला पोथीतून कळले नाही. तरुणपणी एका गावी सप्ताहात माझे काल्याचे कीर्तन होते. गोपाळांच्या शिदोऱ्या देवाने एकत्र कशा कालवल्या, हे रंगवून सांगितले. नंतर महाप्रसादाला बसलो, तर काही मंडळींची पंगत वेशीकडे वेगळी मांडलेली. त्यात वारीत माझ्या दिंडीत चालणारे एक वृद्ध माउली होते. तळावर आम्ही शेजारी बसून जेवलो होतो. मी विचारले, तेव्हा गावातले एक वजनदार गृहस्थ म्हणाले, “महाराज, इथली पद्धत आहे.” आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. सगळे ताटावर बसले होते, माझ्याकडे पाहत होते. मी जेवलो. त्या माउलींनी मला पाहिले आणि मान खाली घातली.

मी तोच होतो, ते गृहस्थही कदाचित वारीला येणारेच असतील. वारीच्या वाटेवर जात न विचारता पाया पडायची रीत आहे, म्हणून आपण पाया पडतो. गावात वेगळे बसवायची रीत आहे, म्हणून वेगळे बसतो. दोन्हीकडे आपण रीतच पाळत असू, तर वाटेवरच्या समतेत आपले स्वतःचे किती, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही.

पंढरीतही हेच घडत होते. वाळवंटात उराउरी भेटणारे आपण महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीला हात लावून आत जात होतो, आणि चोखोबांचे जातभाई बाहेरच राहत होते. प्रत्येक जण दुसऱ्याला जाताना पाहत होता, म्हणून कोणी थांबत नव्हता. 1 मे 1947 रोजी साने गुरुजी त्यासाठी उपोषणाला बसले. पंढरपुरात तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना जागा दिली. उपोषण थांबवा, अशी गांधीजींची तार आली. गांधीजींना दैवत मानणाऱ्या गुरुजींनी नम्रपणे ती आज्ञाही मानली नाही. 10 मे रोजी मंदिर खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला, तेव्हाच उपोषण सुटले. एक मठ उघडला म्हणून महाद्वार उघडले, हे विसरू नये.

कोणी म्हणेल, मग शिस्त कशी राहील? माउलींच्या सोहळ्यातली समाजआरती आठवा. चोपदारांनी चोप उंचावला की हजारो टाळ क्षणात थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिचे टाळ वाजतच राहतात. त्यांना कोणी उद्धट म्हणत नाही. चोपदार त्या दिंडीकडे चालत जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो, मगच आरती. धौम्य शेतावर गेले तसेच हे. आपल्या पूर्वसुरींनी आज्ञेतच हरकतीला जागा ठेवली, म्हणून ती आज्ञा पाळताना कोणाची मान खाली जात नाही.

तरुण कीर्तनकारांना विनंती आहे. एकलव्य जरूर सांगा, पण अंगठ्यापाशी थांबा. श्रोत्यांना विचारा की तिथे उभ्या असलेल्यांपैकी एकाने तरी टाळ वाजवायला नको होता का. प्रल्हाद, भरत, विभीषण हेही आज्ञा मोडणारेच, आणि भक्तांत त्यांचे स्थान वरचे आहे. आणि कीर्तन संपल्यावर पंगतीत बसण्यापूर्वी वेशीकडे एकदा पाहून या. मी पाहिले होते, पण उठलो नव्हतो. ते माउली पुढे वैकुंठवासी झाले. त्यांची क्षमा मागायची राहून गेली.

रामकृष्णहरि.