डोंगराखालची खेचरे

चिनी निसर्गचित्रांविषयी लिहिताना ‘शांतता’ हा शब्द हमखास येतो. धुके, धबधबा, आणि विराट निसर्गापुढे नम्र झालेला माणूस. हे वर्णन खोटे नाही. परंतु ही शांतता कोणाच्या वाट्याची, हा प्रश्न कलावादी समीक्षकांना पडत नाही. मला तो पडतो.

अकराव्या शतकातील चित्रकार क्वो शी याचे विचार त्याच्या मुलाने संकलित केले आहेत. त्यांत निसर्गचित्राचे प्रयोजन स्पष्ट सांगितले आहे: कर्तव्यांनी जखडलेल्या सद्गृहस्थाला घरबसल्या डोंगर-पाण्याचे सुख मिळावे. या सद्गृहस्थाला कोळ्याचे आणि लाकूडतोड्याचे जीवन फार मोहक वाटे. कोळ्याला त्याच्याविषयी काय वाटे, ते लिहून ठेवण्याची सोय कोळ्यापाशी नव्हती!

मग ही सारी कला सरंजामी म्हणून फेकून द्यायची? आमचे काही कार्यकर्ते मित्र तसे म्हणतील. मला ते मान्य नाही. इ.स. १००० च्या सुमारास फान क्वान याने रेशमावर काढलेले चित्र पाहा. आज ते तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. उंची दोन मीटरांहून अधिक. त्यातली बहुतेक जागा एकाच डोंगराने व्यापली आहे. कड्याच्या फटीतून सुतासारखा धबधबा उतरतो, पायथ्याशी धुके. आणि अगदी खाली, रानातून बाहेर पडणारी ओझ्याची खेचरे व ती हाकणारी माणसे. पुस्तकातल्या छापील प्रतिकृतीत ती शोधावी लागतात. चित्राचे नाव मात्र या वाटसरूंवरूनच पडले आहे.

पुढे बाराव्या-तेराव्या शतकांत मा युआनच्या चित्रांत निसर्ग न्याहाळणारा सद्गृहस्थ येतो, कधी त्याच्या मागे वाद्य घेऊन चालणारा पोऱ्याही असतो. फान क्वानच्या चित्रात असा रसिक नाही. येथे डोंगर हा पाहण्याचा विषय नसून पार करण्याची वाट आहे. खेचरे हाकणारी माणसे लहान आहेत, पण त्यांचे लहानपण नम्रतेचे नव्हे. ती कामात आहेत. या चित्रात मला शांततेपेक्षा खुरांचा आवाज अधिक ऐकू येतो.

फान क्वानला श्रमिकांचा कैवारी ठरवण्याचा मोह मी टाळतो. तसा पुरावा नाही. पण एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. तुंग छी-छांग (१५५५–१६३६) हा बडा अधिकारी आणि कलापंडित. सुशिक्षितांची हौशी चित्रकला श्रेष्ठ आणि दरबारी पेशेवाईकांची कनिष्ठ, अशी उतरंड त्याने रचली. (उतरंड रचणारा स्वतः कोणत्या पायरीवर उभा होता, हे सांगायला नको.) या चित्राच्या वरच्या चौकटपट्टीवर त्याने ठळक अक्षरांत चित्रकाराचे नाव लिहून ठेवले आहे. फान क्वानची स्वतःची सही मात्र शतकानुशतके कोणाला दिसली नव्हती. १९५८ मध्ये संग्रहालयातील अभ्यासक ली लिन-त्सान यांना ती सापडली: दोन बारीक अक्षरे, खाली, खेचरांच्या तांड्याजवळच्या झाडाच्या पानांत.