नीटनेटका तक्ता आणि रिकामी चौकट

संशोधनातील कच्ची आकडेवारी विश्लेषणासाठी कशी लावून घ्यावी, यावर सुबोध लेखन आमच्या पाहण्यात थोडेच आहे. हॅडली विकम यांचा ‘टायडी डेटा’ हा लेख त्यात मानाचा. २०१४ साली तो ‘जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर’मध्ये आला. त्यातील संगणकीय आज्ञा आता जुन्या झाल्या असल्या, तरी विचार जुना झालेला नाही.

लेखाचे सूत्र साधे आहे. प्रत्येक चलाला एक रकाना, प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ आणि प्रत्येक प्रकारच्या घटकासाठी वेगळा तक्ता. कॉड यांनी माहितीसाठ्यांसाठी सांगितलेले नियमच आपण संख्याशास्त्राच्या भाषेत मांडले आहेत, हे लेखक मोकळेपणाने सांगतात. उदाहरणे नेमकी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या क्षयरोगविषयक तक्त्यात एका रकान्याचे शीर्षक ‘एम०१४’ असे आहे, म्हणजे ० ते १४ वयाचे पुरुष. एकाच शीर्षकात लिंग आणि वय ही दोन चले दडलेली! आपल्या शाळांतले मुलगे-मुलींचे इयत्तावार तक्ते याच जातीचे. ते कसे उलगडावेत, हे या लेखाइतके स्वच्छ कोणी समजावल्याचे आम्हाला आठवत नाही.

आमची तक्रार आहे ती रिकाम्या चौकटीबद्दल. जे मोजणे शक्यच नव्हते ते गाळले तरी चालते, पण मोजायला हवे होते आणि राहून गेले ते जपावे लागते, हा भेद लेखक सुरुवातीलाच करतात. पुढे मेक्सिकोतील हवामानाच्या तक्त्यात मात्र ते दोन्ही प्रकारच्या चौकटी जागा वाचवण्यासाठी गाळतात. महिन्याचे दिवस ठाऊक असल्याने त्या पुन्हा भरता येतील, हा त्यांचा युक्तिवाद. तापमानापुरता तो बरोबर आहे. पण कोणकोणत्या नोंदी व्हायला हव्या होत्या याची यादीच जवळ नसेल, तर गाळलेली ओळ परत आणायची कुठून? क्षयरोगाच्या तक्त्यात शून्य आणि ‘नोंद नाही’ यांतला फरक महत्त्वाचा आहे, हेही ते ओझरतेच सांगून जातात.

लेख आपण आकडेवारीच्या केवळ रचनेबद्दल बोलत आहोत असे स्पष्ट सांगतो, त्यामुळे हा दोष म्हणणे थोडे कठोर होईल. पण अनोळखी प्रणाली हाताळणारा नवखा नेमका इथेच फसतो. वीस गुणांची चाचणी घ्या. पाच विद्यार्थ्यांपैकी चौघांना १८, १२, १५ आणि ०, पाचवा गैरहजर. हजर असलेल्यांची सरासरी ११.२५. गैरहजराला शून्य दिले तर ९. त्याच्यापुढे ९९ हा सांकेतिक अंक टाकला आणि एसपीएसएसला त्याचा अर्थ सांगायचा राहिला, तर २८.८. हे शेवटचे उत्तर निदान हास्यास्पद आहे, म्हणून पकडले तरी जाते. ९ कोण पकडणार?

प्रत्येक प्रणालीची रीत निराळी. एक्सेल सरासरी काढताना रिकामी चौकट गुपचूप वगळते. आर ही प्रणाली, एक नोंद जरी नसली तरी, मुद्दाम सांगितल्याशिवाय सरासरीच देत नाही. आम्हाला हा अडेलपणा आवडतो. स्टाटा नसलेली नोंद कोणत्याही संख्येपेक्षा मोठी धरते. त्यामुळे ‘दहापेक्षा जास्त गुण किती जणांना?’ असे नुसतेच विचारले, तर उत्तर तीनऐवजी चार येते. गैरहजर विद्यार्थीही उत्तीर्णांत! चारही ठिकाणी तक्ता विकम यांच्या तिन्ही नियमांप्रमाणे अगदी नीटनेटकाच असतो.

म्हणून वर्गात हा लेख वाचताना मेक्सिकोच्या तक्त्यापाशी थांबावे आणि विद्यार्थ्यांकडून गाळलेल्या ओळी पुन्हा भरून घ्याव्यात. फेब्रुवारीची ३० तारीख कोणी भरली, तर चर्चेला तिथूनच सुरुवात करता येईल.